एकसष्ट घरांचा हौद

१ जुलै २०२५, संध्याकाळी ६

ही नोकरी आहे का?

बाबांनी फोनवर एवढंच विचारलं. मी म्हटलं, शासनाचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण आहे, ऑर्डर आली आहे, दर महिन्याला विद्यावेतन मिळेल. बाबा म्हणाले, म्हंजे शाळा हाय की नोकरी. मी म्हटलं, दोन्हींच्या मधलं. बाबा म्हणाले, मधलं तर मधलं, पण गल्लीत लोक इचारत्यात, मी काय सांगू. मी म्हटलं, सांगा विकासाचं काम आहे. त्यांनी जय भीम म्हणून फोन ठेवला. पटलं नव्हतं.

बाबा माळशिरसजवळ गवंड्याच्या हाताखाली काम करतात, आई रोजाने शेतात जाते. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. बी.ए., अर्थशास्त्र. घरातल्यांना समजेल असं बोलायला हवं. तो माझा वीक पॉइंट आहे.

आज सोलापुरात एक दिवसाचं ट्रेनिंग झालं. योजनेचं नाव ‘आपलं गाव, आपलं काम’. निवडलेल्या प्रत्येक गावात सरकार एकच मोठं बांधकाम करणार, त्यातून गावातल्या लोकांना रोजगार मिळणार. कुठलं काम करायचं ते घरोघरी विचारून ठरवायचं. विचारणार कोण? प्रशिक्षणार्थी. म्हणजे मी.

माझं गाव कडबनूर. अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकच्या हद्दीला चिकटून. चहाच्या वेळी शेजारची मुलगी म्हणाली, तिकडं सगळं कन्नड आहे, तुला येतं का? मी म्हटलं, भाषेपेक्षा तळमळ महत्त्वाची.

संकल्प : १) रोज पहाटे पाचला उठणे. २) रोज कन्नडचे पाच शब्द. ३) लोकांवर काहीही न लादणे.

३ जुलै

पोचले. एसटी गावात जात नाही. ओढ्याच्या अलीकडे सोडते आणि तिथूनच वळून परत जाते. ओढ्यावर फरशी आहे, पण तिच्यावरून पाणी वाहत होतं. ग्रामपंचायतीचा शिपाई मल्लेश न्यायला आला होता. माझी बॅग डोक्यावर घेतली आणि म्हणाला, चपला हातात घ्या की म्याडम. घेतल्या. पाणी गुडघ्यापर्यंत. प्रसन्न वाटलं.

राहायची सोय चंद्रव्वा नावाच्या आजींकडे. पत्र्याची एक खोली. त्यांची मुलगी शिवलीला, बारावी पास, शिलाई शिकलेली. शिवलीलाला मराठी छान येतं. चंद्रव्वांना येत नाही, पण भाव कळतात.

कन्नडची प्रगती : ‘री’ म्हणजे आदरार्थी ‘जी’. मला पहिल्याच दिवशी कळलं. शब्दाला ‘री’ लागला की तो काढून टाकायचा आणि मग अर्थ लावायचा. सोपी भाषा आहे.

एकच खटकलं. संध्याकाळी शिवलीला बाहेर गेली होती. मी चुलीजवळ जाऊन बसले तर चंद्रव्वा म्हणाल्या, ऊट. इकडे ‘ठ’चा ‘ट’ करतात हे मला माहीत आहे. मी लगेच उठले. त्या पुन्हा म्हणाल्या, ऊट, ऊट. मी आणखी लांब गेले. चुलीजवळ परक्यांनी बसू नये असा नियम असेल. दुखावले नाही. खोलीत जाऊन बिस्किटं खाल्ली.

४ जुलै

पाचला उठले नाही. प्रवासाचा शीण.

ग्रामसेवक भीमाशंकर भाऊसाहेब भेटले. पन्नाशीचे, शांत, थोडे थकलेले. त्यांनी एक फाइल पुढे केली. ओढ्यावरच्या पुलाचा प्रस्ताव. नकाशा, मोजमाप सगळं तयार. म्हणाले, म्याडम, तालुक्याच्या यादीत आपला पूल तीन नंबरला हाय. तुमच्या सर्वेत पूल आला की काम झालं. आठ दिवसांत फिरा, सह्या घ्या, सोडा विषय.

मी नम्रपणे नकार दिला. गावाला काय हवं ते ऑफिसात बसून ठरवायचं आणि लोकांच्या फक्त सह्या घ्यायच्या, ही जुनी पद्धत. मी सांगितलं, भाऊसाहेब, मी पूल लादणार नाही. लोकांच्या तोंडून आला तरच. ते म्हणाले, येईल की. आणि चष्मा पुसत बसले. अंतर्मुख झाले असावेत.

७ जुलै

मोबाइलवर कन्नड शिकायचं अ‍ॅप घेतलं. धडा पहिला उघडून बंद केला. हो, नाही, पाहिजे, नको. असले शब्द येता-जाता कानावर पडून येतात, त्यात वेळ कशाला घालवायचा. थेट सातव्या धड्यापासून सुरुवात. आजचे पाच शब्द : छत्री, हत्ती, विमानतळ, चुलतभाऊ, जांभळा.

चंद्रव्वा आजही ऊट म्हणाल्या. दोन्ही वेळा. खोलीत बिस्किटं आणि मॅगीवर भागवते. वजन कमी होत आहे, ते चांगलंच आहे.

१३ जुलै

उद्यापासून सर्वे. मल्लेश म्हणाला, संगट येतो की म्याडम, दिवसा गडीमाणसं शेतात असत्यात, म्हाताऱ्या बायकांला मराटी कमी येतंय. मी म्हटलं, नको. शिपाई सोबत असला की लोक मोकळेपणाने बोलत नाहीत. तो म्हणाला, माझी आजीच हाय की त्यातली एक. मी म्हटलं, तिच्या बाबतीत तर आणखीच नको.

अ‍ॅप चार दिवस उघडलं नाही. रेंज नव्हती. रेंज होती तेव्हा फोनला चार्जिंग नव्हतं.

१८ जुलै

सर्वे पूर्ण. चौऱ्याहत्तर घरं, पाच दिवस, एकटीने.

फॉर्मवरचा प्रश्न असा : ‘आपल्या गावात शासनाचं काम यावं व लोकांना रोजगार मिळावा असं आपणांस वाटतं का, वाटत असल्यास कोणतं काम?’ मी तो प्रत्येक घरी एका दमात, स्वच्छ आवाजात वाचला. आश्चर्य म्हणजे उत्तरासाठी कुणालाही विचार करावा लागला नाही. मान हलवून थेट सांगायचे : हौद. काही जणी आदराने, हौदरी. (‘री’ काढला.) एक आजी तर मी प्रश्न वाचत असतानाच हौद, हौद, हौद असं म्हणत होत्या. मी प्रश्न संपायची वाट पाहिली. नियम म्हणजे नियम.

चंद्रव्वांचं उत्तर सगळ्यांत सुंदर. त्या म्हणाल्या, हौद, आणि मग हात लांब करून, हळ्ळ, हळ्ळ. म्हणजे हौद हवा, पण घाई नाही, हळूहळू होऊ दे. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : ‘ग्रामस्थ संयमी.’

नऊ घरांनी वेगळं सांगितलं. बॅटरी. हात हलवून, मान फिरवून, बॅटरी. रात्री रस्त्यावर अंधार असतो, त्याचा वैताग चेहऱ्यावर दिसत होता.

एकूण : हौद ६१. बॅटरी ९. उत्तर नाही ४. पूल : शून्य.

भाऊसाहेबांचं वाईट वाटलं. पण लोकशाही आहे.

२१ जुलै

भाऊसाहेबांनी आकडे दोनदा वाचले. विचारलं, म्याडम, हौद? कशाला? मी म्हटलं, ते आपण ठरवायचं नाही. ते म्हणाले, गावात दोन हौद हायेत की. एकात गावातले बापूसाहेब त्यांची एक म्हैस बांधतेत. मी म्हटलं, त्यातच आलं भाऊसाहेब, दोन असूनही तिसरा हवा, म्हणजे गरज किती खोल असेल. ते मल्लेशकडे बघायला लागले. मल्लेश छताकडे.

त्यांनी सुचवलं की मल्लेशला घेऊन पुन्हा एकदा फिरू. मी म्हटलं, उत्तर आवडलं नाही म्हणून प्रश्न परत विचारायचा नसतो. रिपोर्ट दुपारीच ऑनलाइन सबमिट केला. शेवटी स्वतःची एक सूचना जोडली : हौदाच्या कडेला सोलर दिवा बसवावा. म्हणजे बॅटरीवाल्या नऊ घरांचंही समाधान.

९ ऑगस्ट

शिवलीला आज माझ्या खोलीत येऊन बसली. सोलापुरात शाळेचे युनिफॉर्म शिवायचा एक कारखाना आहे. त्यांची गाडी वाटेतल्या गावांतून बायकांना कामावर नेते. कारखान्याचे साहेब म्हणालेत, तुमच्या गावात गाडी आली तर बारा जणी घेतो. पण ड्रायव्हर ओढ्यात गाडी घालत नाही. पूल झाला की बारा जणींना काम. तिने यादी करून ठेवली आहे. पहिलं नाव तिचंच.

मला विचारलं, आमचा पूल व्हणार की न्हाय म्याडम? मी समजावलं की वैयक्तिक मागणी आणि सार्वजनिक मागणी यात फरक असतो. मी सगळ्यांना विचारलं आहे. ती म्हणाली, व्हय की, आई सांगत होती, तुमी इचारलाव आणि समदे व्हय म्हणाले. मी म्हटलं, अगदी तसंच. ती खूश होऊन गेली.

छान मुलगी आहे. एकमताचा आदर करते.

१२ सप्टेंबर

ओढ्याला चार दिवस पाणी. एसटी नाही, दूध बाहेर जाईना, मास्तर शाळेत येईनात. तालुक्याची मासिक मीटिंग माझी चुकली. कारण कळवलं : नैसर्गिक आपत्ती.

ओढ्याच्या काठावर उभी राहून बराच वेळ विचार केला. केवढं पाणी वाया जातंय. हौद असता तर साठवता आलं असतं.

१४ ऑक्टोबर

आजचा दिवस विसरणार नाही. दोन पत्रं एकदम आली.

पत्र एक : कडबनूरचा हौद प्राथमिक यादीत. विशेष ग्रामसभेने एकदा होकार दिला की काम सुरू.

पत्र दोन : जिल्ह्यातून ‘उत्कृष्ट सर्वेक्षण’ म्हणून माझी निवड. कारण, बाकीच्या गावांत कुणी रस्ता मागितला, कुणी गाळे, कुणी सभामंडप, कुणाचा मेळ कुणाला नाही. आमच्याकडे एकमत. डिसेंबरमध्ये सोलापुरात कार्यक्रम आहे. स्टेजवर दोन मिनिटं बोलायचं. आणि निवड झालेल्यांना पाच महिन्यांची मुदतवाढ, हवं ते गाव मागता येणार. म्हणजे मला माळशिरसजवळचं गाव मिळू शकतं. संध्याकाळी घरी, आईच्या हातचं जेवण.

बाबांना फोन केला. म्हणाले, आता तरी नोकरी म्हणू का? मी म्हटलं, डिसेंबरमध्ये म्हणा.

भाषणाचं पहिलं वाक्य तयार : ‘मी फक्त ऐकलं.’

११ नोव्हेंबर, सकाळी

आज ग्रामसभा. निळी साडी इस्त्री केली. तालुक्याचे साहेब येणार.

११ नोव्हेंबर, दुपारी ४

सविस्तर लिहायला हवं. क्रमाने लिहिते.

देवळापुढच्या कट्ट्यावर सभा. या वेळी बायका खूप आल्या, मी घरोघरी जाऊन बोलावल्यामुळे. साहेबांनी माझं कौतुक केलं, टाळ्या झाल्या. मग म्हणाले, ग्रामस्थांना त्यांच्या भाषेत विचारा. मल्लेश उभा राहिला आणि कन्नडमधून विचारलं, नीरिन टाकी बेकेनरी? (पाण्याची टाकी पाहिजे का, हे नंतर कळलं.)

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग पुढच्या रांगेतून आवाज आला, ब्याडरी. मागून, ब्याडरी. सगळीकडून, ब्याडरी, ब्याडरी.

मी भाऊसाहेबांच्या कानात म्हटलं, बघा, बॅटरीची मागणी वाढली.

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. माझ्याकडे पाहिलं. मग अगदी हळू विचारलं, म्याडम, त्या नऊ घरांनी काय म्हटलं होतं? मी म्हटलं, हेच. ते म्हणाले, आणि एकसष्ट घरांनी? मी म्हटलं, हौद. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं चक्कर आली. खांदे हलत होते.

सांगितलं मल्लेशने. सगळ्यांसमोर, पण प्रेमाने. म्याडम, हौद म्हंजे व्हय. ब्याडरी म्हंजे नको हो. तुमी इचारलाव, काम पायजे का. लोकं म्हणाले, व्हय. फुडचं कुनी सांगितलंच न्हाय, तुमी लिहून फुडच्या घरला.

मी म्हटलं, आणि हळ्ळ? चंद्रव्वा मधल्या रांगेत उभ्या राहिल्या आणि हात लांब करून म्हणाल्या, हळ्ळ. या वेळी हाताच्या दिशेने पाहिलं. तिकडे ओढा होता.

शेवटी, सगळं एकदमच निस्तरावं म्हणून मी विचारलं, आणि ऊट? मल्लेश म्हणाला, जेवण.

सभा दहा मिनिटं थांबली. हसणं ऐकून बापूसाहेबांची म्हैसही हौदातून मान बाहेर काढून बघत होती. साहेब हसले नाहीत. म्हणाले, एकमत आहे म्हणून कळवलेलं आहे वर. आता काय करायचं ते तुम्ही लेखी द्या.

११ नोव्हेंबर, संध्याकाळी ७

चंद्रव्वांनी ताट वाढलं. ज्वारीची कडक भाकरी, शेंगांची चटणी, डाळ. म्हणाल्या, ऊट माड, यव्वा. बसले. चार महिने त्या रोज जेवायला बोलावत होत्या आणि मी रोज उठून जात होते. शिवलीला म्हणाली, आईला वाटायचं सोलापूरच्या पोरी जेवतच न्हाईत. दोन भाकऱ्या खाल्ल्या. मग तिसरी.

१२ नोव्हेंबर

नीट विचार केला तर हे अपयश नाही. एकसष्ट घरं विकासाला हो म्हणाली, हा डेटा खराच आहे. शिवाय हौद ही वाईट गोष्ट नाही. तिन्ही हौदांचं मिळून काहीतरी करता येईल. मत्स्यपालन. जलतरण प्रशिक्षण. बापूसाहेबांच्या दुसऱ्या म्हशीचाही प्रश्न आहेच.

आणि चूक तांत्रिक आहे. ‘री’ काढायचा हे मला माहीत होतं. हौदरीचा काढला, ब्याडरीचा राहिला. एका अक्षराची चूक.

हे सगळं मुद्देसूद लिहून साहेबांना द्यावं. पुरस्कारही राहील, गावाला हौदही मिळेल. भाषणाचं पहिलं वाक्य मात्र बदलावं लागेल.

१३ नोव्हेंबर

शिवलीला आज माझ्या खोलीत आली नाही. रागावून नाही. शिवण घेऊन बसली होती. मीच विचारलं. म्हणाली, कारखानेवाल्याला फोन केला, सांगितलं की पूल एवढ्यात न्हाय व्हणार, त्यो म्हणाला, फुडच्या वर्षी बगू. मी म्हटलं, सॉरी. ती म्हणाली, तुमाला काय बोलायचं, तुमी इचारायला तरी आलाव. दर वर्षी कोन इचारतंय.

तिने यादीचा कागद घडी करून शिलाई मशिनच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. बारा नावं. फाडला असता तर बरं वाटलं असतं.

कालची मुद्देसूद टिपणं चुलीत घातली. चंद्रव्वांनी त्यावर चहा केला.

१४ नोव्हेंबर

साहेबांना पत्र दिलं. स्वतःच्या हाताने लिहिलेलं, एक पान. ‘मला कन्नड येत नाही. मी दुभाषा नाकारला. हौद ही ग्रामस्थांची मागणी नाही, तो त्यांचा होकार आहे. सर्वे रद्द समजावा व फेरसर्वेस परवानगी मिळावी. उत्कृष्ट सर्वेक्षणासाठी माझं नाव मागे घ्यावं.’ सही, तारीख.

साहेब वाचून म्हणाले, शेवटची ओळ मी सांगितली नव्हती. मी म्हटलं, हो सर. त्यांनी दहा दिवस दिले. यादी महिनाअखेरीला बंद होते.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. रेंज नव्हती. (होती.)

२० नोव्हेंबर

फेरसर्वे पूर्ण. प्रश्न मल्लेश विचारायचा, मी लिहायची, पूर्ण उत्तर मिळेपर्यंत शिवलीला मला पुढच्या घरी जाऊ द्यायची नाही. प्रत्येक घरी आधी हसणं, मग चहा, मग सर्वे. एक आजी मला बघितलं की ओरडायच्या, हौद बंतु, हौद बंतु. म्हणजे हौद आला. गावातलं माझं नाव आता हेच.

निकाल : पूल ७०. देशी दारूचं दुकान बंद करा, ३ (हे काम नाही, पण लिहून घेतलं). आणि एका आजोबांनी स्पष्ट मराठीत सांगितलं, बॅटरी. रात्री शेतात जायला. मी अक्कलकोटहून आणून दिली.

आता उत्साह परत येतोय. आकडे बघता आपला पूल थेट एक नंबरला जाऊ शकतो. सत्तर घरं, म्हणजे जवळजवळ एकमत. कदाचित माझ्या पत्रातल्या प्रामाणिकपणाचीही दखल घेतली जाईल. भूमिपूजनाला बाबांना बोलवावं. बांधकामातलं त्यांना कळतं.

८ डिसेंबर

सोलापूरचा कार्यक्रम झाला. मोबाइलवर बघितला, रेंज नेमकी चांगली होती. उत्कृष्ट सर्वेक्षण मंगळवेढ्याकडच्या एका मुलाला. ज्वारी साठवायचं गोदाम. तो स्टेजवर म्हणाला, मी फक्त ऐकलं. कुठून सुचलं त्याला कोण जाणे.

शिवलीला म्हणाली, त्याच्या गावात मराटी बोलतेत. दिलासा द्यायचा तिचा प्रयत्न होता.

बाबांना सांगितलं. सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, भिताड वाकडं गेलं तर पाडून परत बांधावं लागतंय, त्यात काय. मग आईला सांगताना फोनवरच इतके हसले की आईने फोन काढून घेतला.

२४ डिसेंबर

सुधारित यादी आली. मी आणि मल्लेश धावत ऑफिसात गेलो. भाऊसाहेबांनी आधीच काढून ठेवली होती.

कडबनूर, ओढ्यावरील पूल. क्रमांक ३.

मी म्हटलं, तीन तर तीन, पहिल्या पाचांत आहोत. भाऊसाहेबांनी कपाटातून जुलैची यादी काढून शेजारी ठेवली. कडबनूर, ओढ्यावरील पूल. क्रमांक ३.

म्हणजे सहा महिन्यांत, दोन सर्वे, एक ग्रामसभा, एक माघार आणि एक बॅटरी एवढं करून मी पूल जिथे होता तिथे आणून ठेवला.

भाऊसाहेब म्हणाले, आता फाइलवर सत्तर घरं हायेत म्याडम. आधी निस्ता नकाशा होता. त्यांचं म्हणणं दयाळूपणाचं होतं की खरं, ते मला ठरवता आलं नाही. दोन्हींच्या मधलं असावं.

तीन नंबरपर्यंतची कामं मार्चअखेर मंजूर होतात म्हणे. म्हणे.

२९ डिसेंबर

मुदतवाढीचे फॉर्म आले. मुदतवाढ आता सगळ्यांनाच आहे, निवड झालेल्यांनाच असं काही राहिलं नाही. पसंतीचं एक गाव लिहायचं. माळशिरसकडच्या तीन जागा रिकाम्या आहेत. एक आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर. सगळीकडे मराठी. हौद म्हटलं की हौद.

शिवलीलाने फॉर्म बघितला. म्हणाली, जावा की अक्का, घर जवळ पडतंय. पहिल्यांदाच अक्का म्हणाली. मग कारखान्याचा विषय काढला नाही, मुद्दाम. मार्चमध्ये पूल मंजूर झाला तर बारा जणींचे अर्ज भरायला लागतील, बँकेची खाती लागतील, गाडीचा मार्ग ठरवायला लागेल. ते कोण करणार, तेही तिने विचारलं नाही.

संकल्प : विचार करून, दोन्ही बाजू मांडून, एक तारखेपर्यंत निर्णय.

५ जानेवारी २०२६, सकाळी ११

दोन्ही बाजू मांडल्या नाहीत. वहीत रेघ ओढली आणि चंद्रव्वा ऊट म्हणाल्या.

अ‍ॅप काढून टाकलं. गावातल्या कन्नड शाळेत पहिलीचा वर्ग सकाळी साडेसातला भरतो. पाचला अजून उठत नाहीये, पण सातला उठतेय. मागच्या बाकावर बसते, गुडघे मावत नाहीत. आज खास माझ्यासाठी धडा पहिला, शब्द पहिला. गुरुजींनी फळ्यावर लिहिला आणि सगळ्या वर्गाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. गावात ही गोष्ट पहिलीपर्यंत पोचली आहे.

मधल्या सुट्टीत बाबांचा फोन. गल्लीत परत कुणीतरी विचारलंय. म्हणाले, पोरी, आता सरळ सांग, ही नोकरी हाय का? बारा नावांचा कागद पुन्हा मशिनवर आला आहे, मल्लेशने दोन जणींची खाती उघडून दिली आहेत, आणि ओढ्याच्या काठावर कुणीतरी येऊन चुन्याच्या दोन खुणा करून गेलं आहे, कशाच्या ते कुणाला माहीत नाही. मी म्हटलं, हौद.

बाबा म्हणाले, आं? आता कसला हौद?

त्यांना ग्रामसभेची आठवण करून दिली. मग दुसरी गोष्टही सांगितली. फॉर्म ३१ तारखेलाच दिला आहे. पसंतीचं गाव, कडबनूर. पोच मिळाली, वहीच्या मागच्या पानाला चिकटवली आहे.